खिळा कुठे ठोकावा

कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन भरवताना आधी चित्रे बघू नयेत, भिंती मोजाव्यात. चित्रे दरवर्षी वाढतात, भिंती वाढत नाहीत. तेव्हा गुणवत्तेचा निर्णय टेपवर सोपवणेच न्यायाचे.

मग प्रमुख पाहुण्यांची वाट आखावी. दारातून समईकडे, समईकडून चहाकडे. या वाटेवर येतील ती चित्रे यंदाची उत्कृष्ट. चहापलीकडची भिंत वॉश तंत्रातल्या, जवळ जाऊन पाहाव्या लागणाऱ्या नाजूक कामांना द्यावी. त्यांना एकांत मानवतो.

उंचीचा प्रश्न वादाचा. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 155 सेंटीमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर ठेवतात. असे केले की भिंतीवर एकच ओळ मावते, अर्धा वर्ग बाहेर राहतो आणि पालक भेटायला येतात. अशा वेळी एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या ‘सालों’ या प्रदर्शनाचे नाव घ्यावे. तिथे चौकटीला चौकट भिडवून पार छतापर्यंत चित्रे टांगत. वरची ओळ फारसे प्रश्न न विचारणाऱ्यांसाठी राखावी.

नाकारलेल्यांनी फारच आरडाओरडा केला तर 1863 साली सालोंने नाकारलेल्यांसाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनने केले तेच करावे: त्यांचे वेगळे प्रदर्शन. मात्र त्याची एक चूक टाळावी. त्याने चांगली जागा दिली, लोक लोटले, आणि आज त्यातले माने या चित्रकाराचे ‘गवतावरील न्याहारी’ सगळ्यांना ठाऊक आहे, निवड समितीतले एकही नाव नाही. आपण जिन्याखालची जागा द्यावी.

शेजार जमवणे ही खरी कला. शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबेलँच्या गालिचा-कारखान्यात होता. तिथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. दोष रंगाचा नव्हता, शेजारच्या रंगांचा होता. 1839 साली त्याने यावर जाडजूड ग्रंथ काढला. आपल्याला एवढेच पुरे: ज्या निसर्गचित्राला बक्षीस द्यायचे नाही त्याच्याशेजारी लालभडक पोस्टर लावावे. विचारणा झाल्यास शेव्ह्रल पुढे करावा.

प्रकाशयोजनेवर खर्च नको. ट्यूबलाइट आहेत त्या असू द्याव्यात आणि एका व्यक्तिचित्राला काच बसवून ते त्यांच्या बरोबर समोर टांगावे. पाहुणे तिथे सर्वांत जास्त रेंगाळतात, केस सारखे करतात आणि भाषणात त्याच चित्राच्या जिवंतपणाची तारीफ करतात.