विंडोच्या पूर्वनिर्धारित आकाराविषयी काही निरीक्षणे : विशेष संदर्भ मस्तगड

मजकूर-संपादक, म्हणजे संगणकावर अक्षरे टंकण्यासाठी, खोडण्यासाठी आणि जतन करण्यासाठी (क्वचित जतन करायचे राहून जाण्यासाठी) वापरले जाणारे साधन, उघडताच पडद्यावर जी चौकट प्रकट होते तिला विंडो म्हणतात. आणि वापरणाऱ्याने काहीही सांगितलेले नसताना ती ज्या लांबी-रुंदीने प्रकट होते, तिला पूर्वनिर्धारित आकार, अर्थात रोजच्या बोलण्यातला डिफॉल्ट साइज, म्हणतात. ही व्याख्या निरुपद्रवी दिसते खरी, पण हा आकार ठरवला कोणी, हा प्रश्न ती शिताफीने टाळते. वापरणाऱ्याची समजूत अशी असते की चौकट मुळातच तेवढी आहे. वस्तुतः तो आकार दूर देशी बसलेल्या आणि आयुष्यात कधी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असे न लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रामरने एका दुपारी ठरवलेला असतो, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय सेटिंग्जच्या अशा कोपऱ्यात ठेवलेली असते की तिथवर जाण्यापेक्षा रोज सकाळी माउसने कडा ओढणे परवडते. परिणामी लोक रोज सकाळी कडा ओढतात.

जालना शहरातील मस्तगड हा भाग या अभ्यासासाठी विशेष सोयीचा आहे, कारण दुसऱ्याने ठरवलेल्या आकारात संसार थाटण्याची परंपरा तेथे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनमध्ये स्थिरावलेल्या निजामुल्मुल्क आसफजाहाला औरंगाबादपेक्षा जालन्याची हवा अधिक मानवत असे, आणि त्याच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये गावाच्या पूर्वेला बालेकिल्ल्यासह मस्तगडचा किल्ला बांधला. आतल्या दरवाजावर फारसी शिलालेख आणि आत सज्जे व दालने काढलेली प्रचंड विहीर, असा त्याचा थाट. पुढे याच बालेकिल्ल्यात पालिकेची कार्यालये आल्याची नोंद गॅझेटियरमध्ये सापडते. दालनांची मापे टाकताना काबिलखानाने घरपट्टी, नळपट्टी आणि जन्म-मृत्यू नोंदणी यांच्या टेबलांचा विचार केला असण्याचा संभव कमी आहे. तरीही अशा जुन्या वास्तूत आलेली कोणतीही कचेरी भिंत ओढून खोली रुंद करून घेत नाही. टेबले एकमेकांना चिकटतात, कपाटे व्हरांड्यात सरकतात, आणि काही वर्षांत खोली एवढीच असायची याबद्दल कोणालाही शंका उरत नाही. अभ्यासकांनी पूर्वनिर्धारित आकाराची सत्ता समजून घ्यायची असेल तर ती येथून घ्यावी.

कचेरी म्हटली की शेजारी झेरॉक्स, टायपिंग आणि ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी आलीच. मस्तगड परिसरातील अशा एखाद्या दुकानातील संगणक नजरेसमोर आणावा. त्याचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ बिंदूंचा, म्हणजे आडवा ऐसपैस आणि उभा आखूड असतो. अर्जाचा कागद मात्र ए-फोर, २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे उभा; तो वर्डमध्ये शंभर टक्के आकारात पडद्यावर दाखवायचा तर इंचाला ९६ बिंदू या हिशेबाने त्याला सुमारे ७९४ बाय ११२३ बिंदू लागतात. पडद्याच्या ७६८ मधून खालची टास्कबार, वरची शीर्षकपट्टी आणि बटणांनी गच्च भरलेली रिबन वजा केली की उरलेल्या उंचीत कसेबसे निम्मे पान मावते, आणि दोन्ही बाजूंना मात्र इतकी करडी जागा मोकळी पडते की तिथे आणखी जवळजवळ पाऊण अर्ज उभा राहावा. अर्जदार टायपिस्टच्या खांद्यावरून वाकून पाहतो तेव्हा त्याला ‘प्रति’पासून ‘विषय’पर्यंतचा भाग दिसतो, ‘आपला विश्वासू’ हा नेहमी विंडोच्या खाली राहतो. जालन्याची नगरपरिषद २०२३ मध्ये महानगरपालिका झाल्यावर अशा प्रत्येक अर्जाच्या वरच्या ओळीतील ‘मा. मुख्याधिकारी’ काढून ‘मा. आयुक्त’ करावे लागले. पत्राच्या तळाशी, नजरेआड, जिथे पूर्वीच्याच मुख्याधिकाऱ्यांना ‘प्रत माहितीसाठी’ असते, तिथवर ही सुधारणा पोहोचेलच असे नाही, आणि त्याचा दोष टायपिस्टला देण्याआधी विंडोची उंची विचारात घ्यावी, एवढेच येथे सुचवायचे आहे.

अर्जाची ही चर्चा वर्ड या शब्दसंस्कारकाची झाली. शुद्ध मजकूर-संपादक म्हणजे ज्याला ठळक, तिरके, रंगीत काहीही कळत नाही, फक्त अक्षर कळते, असा. आणि या कुळात सर्वाधिक ओळखीचे नाव नोटपॅडचे आहे, ज्याचा जन्म १९८३ चा आणि विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबरचा प्रवेश १९८५ चा. आपल्याकडील दुकानांतून त्याचा मुख्य उपयोग लिहिण्यासाठी होतच नाही. कुठून तरी उचललेला मजकूर रंग, तक्ते आणि दुव्यांसकट येतो, तो नोटपॅडमध्ये बुचकळून, पिळून, पांढरा स्वच्छ करून फॉर्मच्या रकान्यात वाळत घातला जातो. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर हे सुरळीत होते. तो जुन्या एखाद्या फॉन्ट-पद्धतीत टंकलेला असेल, तर फॉन्टचे पांघरूण निघताच ‘महोदय’ जाऊन त्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची दंगल दिसते, आणि अशा वेळी विंडो कोणत्याही आकाराची असली तरी मोठीच वाटते.

या नोटपॅडचे, म्हणजे विंडोज १० पर्यंतच्या जुन्या नोटपॅडचे, आकारविषयक धोरण मात्र सखोल अभ्यासास पात्र आहे. त्याच्या कोणत्याही मेनूत ‘विंडोचा आकार ठरवा’ अशी आज्ञा नाही. विंडो बंद होताना तिची जागा, रुंदी आणि उंची रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज जिथे आपल्या सर्व सवयींची नोंद ठेवते त्या खतावणीत, चार आकड्यांनी लिहिली जाते, आणि पुढची विंडो ते आकडे वाचून उघडते. एकाच वेळी पाच विंडो उघड्या असतील तर पाचही जणी जाताना आपापले आकडे लिहून जातात आणि प्रत्येक नंतरची आधीचीचे पुसते. त्यामुळे दिवसभर कोणी कितीही नीटनेटक्या आकारात काम केलेले असो, उद्या सकाळचा आकार ठरवते ती सर्वांत शेवटी बंद झालेली. दुकानात ही बहुधा कोपऱ्यात आगपेटीएवढी करून ठेवलेली, ग्राहकाचा मोबाइल नंबर टिपून घेतलेली विंडो असते. ज्याने दिवसभर राबावे त्याला विचारू नये आणि जो शेवटी कुलूप लावतो त्याच्या मर्जीने दुसऱ्या दिवशीचे चालावे, ही पद्धत पुष्कळ कचेऱ्यांना परिचयाची असल्यामुळे नोटपॅडबद्दल कोणाची लेखी तक्रार आढळत नाही. त्यातही एक पोटनियम आहे : चौकट पडदाभर मोठी करून, म्हणजे मॅक्सिमाइझ करून, बंद केली तर तो भव्यपणा नोंदला जात नाही, तिचा पूर्वीचा ओढलेला आकारच नोंदला जातो. रोज पडदाभर नोटपॅड हवे असणाऱ्याने शॉर्टकटवर उजवे बटण दाबून, गुणधर्मांत जाऊन, ‘रन’ या रकान्यात ‘मॅक्सिमाइझ्ड’ निवडावे लागते. ही सोय फार जुनी आहे आणि म्हणूनच ती कोणाला माहीत नाही.

आकार ओळी आणि रकान्यांत सांगण्याची दुसरी परंपरा अधिक प्राचीन आहे. आयबीएमने १९२८ मध्ये काढलेल्या छिद्रपत्रिकेत ८० उभे रकाने होते. पुढे पत्रिका गेल्या, पडदे आले, पण ८० हा आकडा हटला नाही, आणि १९७८ चा व्हीटी-१०० हा टर्मिनल ८० रकाने व २४ ओळी घेऊन अवतरला. पुठ्ठ्याला भोके पाडण्याचा व्यवहार जगातून उठून गेला तरी ईमॅक्स हा संपादक आजही ८० रकान्यांची चौकट उघडतो आणि व्हिमची चित्ररूप आवृत्ती ८० बाय २४ ची. खानदानी घराण्यांत मूळ पुरुषाची तसबीर हलवत नाहीत, तोच प्रकार.

देवनागरीचा प्रश्न येथून पुढे बिकट होतो. रकाना म्हणजे एका रोमन अक्षराची रुंदी, आणि देवनागरीत अक्षर म्हणजे नेमके काय यावर संगणक आणि मराठी मनुष्य यांचे एकमत नाही. ‘मस्तगड’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबाने त्यात म, स, हलन्त, त, ग, ड अशी सहा चिन्हे आहेत. आणि युटीएफ-८ या प्रचलित साठवणपद्धतीत, प्रत्येक चिन्हाला ३ प्रमाणे, त्याचे १८ बाइट होतात. ‘स्त्री’ तर एकाच अक्षरात सहा चिन्हे घेऊन बसली आहे. तेव्हा विंडोची रुंदी ८० ठेवावी अशी आज्ञा दिली असता चौकट ८० रोमन अक्षरांएवढी रुंद होते, आणि तिच्यात मराठी किती मावेल हे लिहिणाऱ्याच्या जोडाक्षरप्रेमावर अवलंबून राहते. ग्रामसेवकाच्या अहवालात आणि समीक्षकाच्या लेखात या बाबतीत मोठाच फरक पडावा.

टंकलेखन यंत्राने हा पेच अधिक शहाणपणाने सोडवला होता. मराठी यंत्रावरील उकार आणि मात्रा यांच्या कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे, म्हणजे त्या चिन्हांना स्वतंत्र रकाना मिळतच नसे. आणि कागदाची डावी-उजवी मर्यादा दोन धातूच्या खुंट्या सरकवून ठरवता येई, आणि उजवी मर्यादा जवळ आली की घंटी वाजे. डिफॉल्ट बदलायचा तर खुंटी सरकवायची, एवढाच विधी होता. त्यासाठी कोणाच्याही रजिस्ट्रीत शिरावे लागत नसे. परीक्षा परिषदेच्या संगणक-टंकलेखन परीक्षेला बसणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला ती घंटी ऐकायला मिळत नाही, आणि शब्द-गुंडाळणी, म्हणजे वर्ड रॅप, बंद असलेल्या नोटपॅडमध्ये त्याचे वाक्य विंडोच्या उजव्या कडेतून बाहेर पडून अदृश्य होते, तेव्हा त्याला सावध करणारे कोणी नसते.

अन्य संपादकांत हक्क मागून घेता येतो. मॅकवरील टेक्स्टएडिटच्या सेटिंग्जमध्ये नव्या दस्तऐवजासाठी रुंदी अक्षरांत आणि उंची ओळींत सरळ विचारली जाते, हा सभ्यपणा दुर्मीळ आहे. व्हिममध्ये व्हिमआरसी या फाइलीत ओळी आणि रकाने यांचे दोन आकडे लिहून ठेवले की भागते. ईमॅक्समध्येही तेच, पण कंसांच्या गर्दीत. व्हीएस कोडमध्ये नवी विंडो नेहमीच्या आकाराची, आधीच्या विंडोएवढी, किंचित सरकवलेली, पडदाभर की संपूर्ण पडदा व्यापणारी, असे पाच पर्याय मिळतात, आणि इतके पर्याय समोर आले की बहुतेक माणसे ‘डिफॉल्ट’ निवडतात.

वापरणाऱ्यांचे येथे दोनच वर्ग नोंदवणे पुरेसे आहे. पहिला वर्ग मॅक्सिमाइझवाद्यांचा. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमात उजव्या कोपऱ्यातील तीन बटणांची ओळख झाली, त्यांतले मधले बटण मनात भरले, आणि तेव्हापासून या वर्गाने कोणतीही विंडो अर्धवट आकारात पाहिलेली नाही. नोटपॅडमध्ये केवळ एक पिनकोड लिहायचा असला तरी त्याला सबंध पडदा लागतो. दुसरा वर्ग मांडणीकारांचा. हे डावीकडे मूळ कागदाचा स्कॅन आणि उजवीकडे संपादक अशी काटेकोर विभागणी करतात, मध्ये एक बिंदूची फट राहिली तर अस्वस्थ होतात, आणि मांडणी मनासारखी जुळेपर्यंत वीज जाते. पहिला वर्ग दुसऱ्याला रिकामटेकडा समजतो आणि दुसरा पहिल्याला अडाणी; अर्ज मात्र दोघांचेही एकाच खिडकीवर एकाच कारणासाठी परत येतात.

एक आपत्ती दोन्ही वर्गांना समान आहे. दुकानात काही दिवस दुसरा मॉनिटर जोडलेला असतो, विंडो त्याच्यावर ओढून तेथेच बंद केली जाते, मग तो मॉनिटर काढला जातो. पण काही प्रोग्राम जुने आकडे प्रमाण मानून आपली विंडो त्या नसलेल्या पडद्यावर इमानाने उघडतात. खालच्या पट्टीवर नाव दिसते, चौकट कुठेच दिसत नाही. कागदोपत्री सर्व काही असून जागेवर काही नसणे ही अवस्था पालिकेच्या परिसरात कोणाला नवी वाटू नये. फरक इतकाच, की येथे उपाय आहे. आल्ट आणि स्पेस एकत्र दाबावे, नंतर एम दाबावे, मग बाणाची एखादी कळ दाबून माउस हलवावा, म्हणजे विंडो निमूटपणे हजर होते.

जुन्या नोटपॅडच्या बाबतीत उपाय याहून सोपा आहे. आज संध्याकाळी दुकान किंवा कचेरी बंद करण्यापूर्वी नोटपॅडच्या सर्व विंडो, विशेषतः मोबाइल नंबरवाली, आधी बंद कराव्यात. एकच उघडी ठेवून तिच्या कडा ओढून ती हव्या त्या आकाराची करावी, मॅक्सिमाइझ करू नये. आणि ती शेवटी बंद करावी. तत्पूर्वी मोबाइल नंबर कागदावर उतरवून घ्यावा.