निविदेत न बसलेला खर्च

२०१७च्या जुलैत मुंबई विद्यापीठाने वयाची १६० वर्षे पूर्ण केली. वाढदिवसाला पोरांनी निकाल तेवढा मागितला होता. तो मिळाला नाही, कारण विद्यापीठ त्या वर्षी आधुनिक झाले होते.

सतरा लाखांवर उत्तरपत्रिका, आणि त्या लाल पेनाऐवजी माऊसने तपासायच्या. आधी स्कॅनिंग, मग बारकोड, मग सर्व्हर, मग कॉलेजातल्या तपासणी केंद्रावर लॉगिन, आणि एवढी वरात मिरवून शेवटी पडद्यापुढे कोण? तेच सर, त्याच मॅडम. गठ्ठे वाहण्याचा वेळ वाचला असेल. उत्तर वाचायचा वेळ होता तेवढाच राहिला, वर सर्व्हरची वाट बघण्याचा वाढला. त्यात या ऑनलाइन तपासणीचे कंत्राट दिले तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या. वऱ्हाड मांडवात आल्यावर आचारी शोधायला निघावे, तशातली गत.

राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी निकालासाठी ३१ जुलैची मुदत दिली. वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला जुंपले. म्हणजे गेल्या वर्षीच्या निकालासाठी यंदाचे शिकवणे थांबले! जुलै गेला, ऑगस्ट गेला, सप्टेंबरातही निकाल हप्त्याहप्त्याने येत होते. कायद्यात मुदत ४५ दिवसांची. ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले आणि प्रकरण मिटले. निदान फाईलपुरते.

पद्धत मुळात वाईट नव्हे. बेरजेच्या चुका यंत्र करत नाही, आणि विद्यापीठाने ती पुढेही चालू ठेवली. पण परदेशातला प्रवेश अडकला, एलएलएमची रांग चुकली, हातातली नोकरी गुणपत्रिकेवाचून गेली, हा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा? निविदेत त्याचा रकाना नव्हता. तो विद्यार्थ्यांनी परस्पर भरला, पावतीसुद्धा न मागता.

आपल्याकडे सर्व्हर घेतला की ती गुंतवणूक, आणि प्राध्यापक नेमला की तिजोरीवर बोजा. म्हणून पदे रिकामी, वर्ग तासिका तत्त्वावर, आणि पडदा मात्र नवा. पडद्यालाही माणूस लागतोच: एनपीटीईएलच्या ऑनलाइन वर्गांत आयआयटीतले सर फुकटात ऐकायला मिळतात, ते तिथे कॅमेऱ्यासमोर शिकवणारा माणूस असतो म्हणून.

पुढच्या निविदेत एक ओळ वाढवा: तपासायला माणसे किती लागतील, आणि आहेत किती? या ओळीला पैसे पडत नाहीत. कमिशनही नाही, ही तिची अडचण.