एका उशीसाठी आंबा घाट

ज्या पत्रात लिहिणारा आपण होऊन स्वतःच्या अपराधाची कबुली देतो आणि त्या अपराधाची सजा मात्र वाचणाऱ्याला भोगावी लागते, असे पत्र माझ्या आयुष्यात एकदाच आले, आणि ते माझ्या मोटारीच्या कंपनीकडून आले. 'सन्माननीय ग्राहक' अशा लोणकढ्या संबोधनाने सुरुवात करून त्यात पुढे असे कळविले होते की, माझ्या २०१३ सालच्या वाहनातील चालकापुढील एअरबॅगचा इन्फ्लेटर 'केवळ खबरदारीचा उपाय म्हणून' विनामूल्य बदलून देण्याचे योजिले असून, त्यासाठी मी सवडीने अधिकृत सेवा केंद्रात गाडीसह हजर राहावे. 'केवळ खबरदारी' हे शब्द आजवर डॉक्टर आणि फौजदार या दोघांच्याच तोंडून ऐकलेले असल्यामुळे माझी सवड तत्काळ निघाली.

तेहतीस वर्षे रत्नागिरीच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकविल्याचा तोटा असा की, ज्या गोष्टीने इतरांना नुसती भीती वाटते तिची मला सकारण भीती वाटते. इन्फ्लेटर म्हणजे धातूची एक डबी. टक्कर होताच तिच्यातील गोळ्या पेटतात, वायू सुटतो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उशी फुगून चालकाच्या छातीला सामोरी येते. १९३३ साली स्थापन झालेल्या ताकाता नामक जपानी कंपनीने या गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरले. हा पदार्थ खत म्हणून उपयोगी पडतो असे आम्ही मुलांना शिकवीत असू, आणि तो कातळाला सुरुंग लावण्याच्याही कामी येतो, असे मागल्या बाकावरची मुले आम्हांला शिकवीत. त्याचे दोन स्वभावदोष आहेत : तो हवेतला ओलावा शोषतो, आणि सुमारे ३२ अंश सेल्सियसला त्याच्या स्फटिकांची घडण पालटते. दिवसा तापावे, रात्री निवावे, पावसाळ्यात दमट व्हावे, असे वर्षानुवर्षे चालले की गोळ्या भुसभुशीत होतात, वाजवीपेक्षा वेगाने जळतात, आणि मग उशीऐवजी डबीच फुटून तिच्या ठिकऱ्या चालकाच्या दिशेने येतात. या दोषापायी एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागविण्यात आले, फ्लोरिडा आणि हवाई यांसारख्या उष्ण व दमट प्रांतांना त्यात अग्रक्रम मिळाला, आणि २०१७ साली कंपनीचे दिवाळे निघाले. माझी गाडी ज्या पडवीत दहा पावसाळे उभी होती, तेथे मीठ डब्यात ठेवले तरी श्रावणात ओघळते. हवाई बेटांचा मान आमच्या गल्लीलाही मिळावयास हवा होता. पण गावातल्या शाखेने 'हे काम घाटावरच होते' असा निर्वाळा दिला, आणि कोल्हापूरचा रस्ता धरणे भाग पडले.

सोबतीला शेजारचे आप्पा आले. परिवहन कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ वाहनांविषयी सर्व जाणतो. मात्र चालविणे जाणत नाही. अंबाबाईचे दर्शन, कोल्हापुरी चपला आणि सरकारी कायद्याची अंमलबजावणी, असा त्यांचा त्रिविध हेतू होता. माझ्या मेव्हण्यासाठी घेतलेली हापूसची चार डझनांची पेटी मागल्या आसनावर बसवून, वैशाखातल्या एका पहाटे आम्ही निघालो.

हातखंबा, पाली, साखरपा ही गावे मी शेकडो वेळा ओलांडली असतील, पण सुरुंग छातीशी धरून ती ओलांडण्याचा हा पहिलाच प्रसंग. चाकापासून शक्य तितके दूर राहण्यासाठी मी आसन इतके मागे सरकविले होते की ब्रेकपर्यंत माझ्या पायाचा अंगठाच काय तो पोचत होता, आणि ह्या खबरदारीमुळेच अपघाताचा संभव चौपट वाढला होता. महामार्गाच्या रुंदीकरणाने उखडलेल्या प्रत्येक खड्ड्यात माझे डोळे आपोआप मिटत. आप्पा मात्र डाव्या बाजूला स्वस्थ. "पत्रात चालकापुढची उशी असे स्पष्ट नमूद आहे, मास्तर. माझ्यापुढचीविषयी अवाक्षर नाही," असे सांगून त्यांनी सुपारी कातरली. आंबा घाटात करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर लगडल्या होत्या, खाली कोकण धुक्यात बुडालेले होते, आणि निसर्गाच्या त्या विराट दर्शनाकडे मी आडव्या नजरेने, वळणागणिक एक क्षण, अशा हप्त्यांनी पाहत होतो. घाटमाथ्यावर थंडगार वारा लागला. तो लागताच, तापमान ३२ अंशांच्या खाली उतरले ही एकच काव्यपंक्ती मला सुचली.

पुढे मलकापूर, बांबवडे करीत पन्हाळ्याच्या पायथ्याशी आलो. सिद्दी जौहरचा वेढा फोडून १६६० च्या जुलैमध्ये शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले, तो हाच मुलूख. ते वेढ्यातून बाहेर पडण्यासाठी पश्चिमेकडे गेले आणि आम्ही वेढ्यात सापडण्यासाठी पूर्वेकडे चाललो आहोत, हा भेद त्या वेळी ध्यानात आला नाही.

सेवा केंद्राची इमारत आरसपानी. दारावर पहारेकऱ्याने वहीत नाव, गाव, क्रमांक, वेळ आणि येण्याचे कारण लिहून घेतले. "कारण" या रकान्यात मी "तुम्हीच बोलावले" असे सांगितले, ते त्याने "फ्री सर्व्हिस" असे लिहिले. आत गळ्याला टाय आणि हाताला टॅब्लेट बांधलेला एक तरुण सर्व्हिस ॲडव्हायझर सामोरा आला व विवाहाच्या मुहूर्तावर वरपक्षाचे करावे तसे त्याने आमचे स्वागत केले. "बसा की निवांत, सायेब. च्या घेणार की काफी?" मी पत्र पुढे केले. त्याने चासी नंबर टॅब्लेटवर उतरविला, यंत्राने क्षणभर विचार केला, आणि तरुणाच्या मुद्रेवर शोकसभेची कळा आली. "सायेब, ही गाडी सिस्टीममध्ये न्हाई."

गाडी काचेपलीकडे उभी होती. मी तिच्याकडे बोट दाखविले. त्याने टॅब्लेटकडे दाखविले. प्रत्यक्ष आणि शब्द या दोन प्रमाणांपैकी श्रेष्ठ कोणते, हा दर्शनशास्त्रातील जुना वाद कोल्हापुरात अर्धा तास चालला. प्रकरण कंपनीच्या मुख्यालयाकडे मेलने पाठवावे लागेल आणि उत्तर यावयास तीन दिवस लागतील, येथवर मजल आली तेव्हा आप्पा उठले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि टॅब्लेटवर नजर टाकून म्हणाले, "बाळ, चासी नंबरात अक्षरे सतरा. त्यांत आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे कधीही येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गफलत करतात. तू दोन ठिकाणी ओ लिहिला आहेस. तिथे शून्य घाल." तरुणाने शून्ये घातली आणि माझी गाडी अस्तित्वात आली. शून्यातून सृष्टी निर्माण होते हे ऐकून होतो. प्रत्यय त्या दिवशी आला.

जॉब कार्ड म्हणजे पंचनामाच. टाकीत पेट्रोल किती, किलोमीटर किती, जादा चाक आहे की नाही, कोणत्या दारावर किती ओरखडे, याची चित्रासह नोंद झाली आणि प्रत्येक ओरखड्याला मी नजर खाली घालून दुजोरा दिला. "मौल्यवान वस्तू काढून घ्या" असा हुकूम झाल्यावर आप्पांनी आंब्यांची पेटी काढली. मग तरुणाने गाडीची परीक्षा करून निदान सांगितले : वायपर झिजलेले, एसीला दुर्गंध, इंजिनात काजळी, तळाला गंज चढण्याचा संभव, आणि रंग निस्तेज. उपचारांचा अंदाजे खर्च ११,४६० रुपये. कबुलीचे पत्र ज्यांनी लिहिले होते त्यांच्याच दारात, पाऊण तासाच्या आत, आरोपी मी झालो होतो. "आणि ते इन्फ्लेटरचे?" मी क्षीण स्वरात विचारले. "ते होईल की," तो म्हणाला. आईबापांची अडचण घेऊन आलेल्या पोराला मी पूर्वी "फीमाफीचे पाहू" म्हणत असे, तोच स्वर.

इथे आप्पांनी आपले राखीव अस्त्र काढले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम ११०-अ, त्याखालील १ एप्रिल २०२१ पासून अमलात आलेले नियम, सदोष वाहन परत बोलाविण्याची सरकारची मुखत्यारी, आणि कसूर करणाऱ्या कंपनीस एक कोटी रुपयांपर्यंत होऊ शकणारा दंड, या सर्वांचे त्यांनी खड्या आवाजात पारायण केले. तरुणाने ते अदबीने ऐकले, वायपरची ओळ खोडली, आणि आम्हांला प्रतीक्षाकक्षात नेऊन बसविले.

वेढा खरा तेथे पडला. गुबगुबीत कोच, भिंतीवर आवाज बंद केलेला दूरदर्शन संच, आणि बटण दाबले असता प्रथम घरघर, नंतर वाफ व शेवटी अर्धा पेला कोमट पाणी देणारे कॉफीचे यंत्र. अकरा वाजता "गाडी घेतली आत" असे कळले. बारा वाजता "वॉशिंगला आहे". साडेबाराला "पार्ट गोडाऊनवरून निघाला". एकला, पुन्हा "वॉशिंगला आहे". दरम्यान पेटीतला हापूस आपल्या स्वभावानुसार दरवळू लागला, आणि जे कोणी सकाळपासून आमच्याकडे फिरकले नव्हते ते एकेक करून "काही हवं-नको" विचारून जाऊ लागले. व्यवस्थापक स्वतः येऊन "देवगड की रत्नागिरी?" एवढे विचारून गेले. आप्पांनी पेटीवर पाय ठेवला. "लाच मागण्याचा हा प्रकार नवीन आहे," ते पुटपुटले, "नुसता श्वास घेतात."

दोन वाजता माझा संयम सुटला आणि 'ग्राहकांना प्रवेश निषिद्ध' या पाटीखालून मी कारखान्यात शिरलो. दोनदा न्हालेली माझी गाडी कोपऱ्यात नवरीसारखी उभी होती. तिच्या उशीला कोणी स्पर्शही केला नव्हता. शेजारी एक पन्नाशीचा कारागीर हात पुसत होता. मी पत्र दाखविताच तो म्हणाला, "ह्येच व्हय? मला कार्डावर कुणी लिवूनच दिलं न्हाई. आणा की, आत्ता करू." खरेच, जॉब कार्डावर एसी, काजळी, गंज, सर्व काही सुवाच्य अक्षरांत होते; ज्या कामासाठी घाट चढून आलो तेवढे लिहावयाचे राहिले होते.

नवी डबी सकाळपासून तेथेच फडताळात होती. कारागिराने बॅटरीची तार सोडविली आणि तो स्वस्थ उभा राहिला. आणखी एका 'होईल की'ची मी धास्ती घेतली, तोच तो म्हणाला, "आता तीन मिनिटं हात लावायचा न्हाई, मास्तर. आत करंट साठून असतोय. तो निवला पायजे." त्या दिवशी मी साडेपाच तास थांबलो; त्यांपैकी सकारण प्रतीक्षा ती तीन मिनिटांचीच, आणि तिच्याबद्दल क्षमा कोणी मागितली नाही, कारण आवश्यकताच नव्हती. मग त्याने चाकामागचे बोल्ट काढले, उशी अल्लद बाहेर घेतली, पिवळा जोड सोडविला, नवा भाग बसविला, बोल्ट मोजून आवळले, बॅटरी जोडली, आणि पुढच्या फलकावरचा एअरबॅगचा तांबडा दिवा लागून आपोआप विझेपर्यंत डोळे त्यावरून हलविले नाहीत. जुनी डबी मला दाखविली. कंपनीला परत धाडावयाची, म्हणून हातात दिली नाही. पेढ्याच्या डबीएवढी ती वस्तू. एकूण पस्तीस मिनिटे.

सुटका अजून दूर होती. बिल झाले : रुपये शून्य. शून्य रुपये भरल्याचा रोखपालाचा शिक्का असल्याखेरीज गेट पास नाही, आणि रोखपाल जेवावयास गेलेला. "मी शून्य रुपये इथेच ठेवून जातो," ही माझी सूचना नामंजूर झाली. पावणेचारला रोखपाल आला, त्याने रक्कम दोनदा तपासली आणि शिक्का उठविला. निघताना तो टायवाला तरुण धावत आला व काकुळतीने म्हणाला, "सायेब, कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्या बरं का. नऊ दिले तरी आमचा पगार कापत्यात." त्याच्या आवाजात प्रथमच काही खरे होते. त्याला वायपर विकण्याचेही लक्ष्य दिलेले असते आणि दहा गुण मिळविण्याचेही. डबी बदलण्याचे तेवढे नसते, कारण तीत मिळकत नाही. माझा राग अर्धा उतरला. पेटीतले सहा आंबे मी त्याला दिले आणि बारा आत जाऊन कारागिराला.

परतताना आंबा घाटात आसन मी पुन्हा पुढे ओढून घेतले व करवंदे डोळे भरून पाहिली. देवीचे दर्शन आणि चपला राहून गेल्याची हुरहूर आप्पांना होती. साखरप्याजवळ ते हळूच म्हणाले, "मास्तर, ते सक्तीचे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांना. तुमच्या गाडीला लागू नव्हते. कंपनीने आपखुशीने बोलावले होते." मी म्हणालो, "मग तिथे का बोलला नाहीत?" "तिथे कोणी विचारले नाही," अव्वल कारकून उत्तरले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. स्वागत, आसनव्यवस्था, पेय, धुलाई आणि सल्लागाराची वागणूक, अशा पाच सदरांखाली मी दहापैकी दहा गुण दिले. ज्याने उशी बदलली त्याला किती, हे सांगू लागलो, तर तसे सदरच प्रश्नावलीत नव्हते.

तेव्हा वाचकहो, असे पत्र तुमच्याकडे आले तर ते रद्दीत टाकू नका. जा, आणि लवकर जा, कारण डबी तुमच्या सवडीची वाट पाहत नाही. नोंदणी पुस्तकावरील सतरा अक्षरे स्वतः उतरवून न्या, ज्या कामासाठी गेलात ते जॉब कार्डावर पहिल्या ओळीत आपल्यासमोर लिहून घ्या, आणि सोबत आंबे नेणार असाल तर ते काचेच्या अलीकडे उघडू नका, पलीकडे न्या.