इट साहेबांचा नकार

(तंजावर, मेलवीथी. ओसरीवर निवृत्त हेडक्लार्क, घराणं साडेतीनशे वर्षांपासून इथलंच. समोर मोडी कागद पाहायला पुण्याहून आलेले संशोधक. त्यांच्या हातात कुठल्याशा कचेरीचं इंग्रजी पत्र.)

संशोधक : काका, एवढंच सांगा. हे हो आहे की नाही?

हेडक्लार्क : (वाचून) वा! 'इट इज नॉट ऑर्डिनरिली पॉसिबल टु परमिट…' काय ड्राफ्ट आहे! रिटायर झाल्यापासून असं इंग्रजी वाचायलाच मिळालं नव्हतं.

संशोधक : म्हणजे नाही.

हेडक्लार्क : नाही कुठं लिहिलंय?

संशोधक : हे काय, 'नॉट' आहे की!

हेडक्लार्क : आहे, पण ते कुणाला लागलंय ते बघा. नॉटची छडी लगेच पुढं जो उभा असेल त्याच्या पाठीत बसते. नुसतं 'नॉट पॉसिबल' असतं तर पॉसिबल जागीच आडवा झाला असता. इथं ऑर्डिनरिली मध्ये येऊन उभा राहिलाय. मार त्यानं खाल्ला, पॉसिबल मागं सुखरूप.

संशोधक : मग परवानगी मिळणार?

हेडक्लार्क : असंही लिहिलेलं नाही. एरवी शक्य नसतं, एवढंच. तुमचं प्रकरण एरवीचं की एरवीबाहेरचं, ते त्यांनी ठरवलेलं नाही.

संशोधक : पुढं बघा. 'इट इज नॉट इमिजिएटली क्लिअर अंडर व्हिच रूल…'

हेडक्लार्क : नियम कोणता ते पटकन कळत नाही. सावकाश कळेल. माणूस हयात असला तर.

संशोधक : कोणता माणूस?

हेडक्लार्क : अर्जदार.

संशोधक : काका, मी पुण्याचा आहे. मला तोंडावर 'नाही' ऐकायची सवय आहे. दुकानात शिरायच्या आधीच ऐकतो.

हेडक्लार्क : तुम्ही पुण्यवान. इथं क्रियाविशेषणावर आयुष्य अडतं. आमच्या ऑफिसात एकदा 'इट इज नॉट रिअली नेसेसरी' असा मसुदा गेला. दाखल्याची तशी गरज नाही, पण आणलात तर बिघडणार नाही, असा त्याचा सूर. टायपिस्टनं रिअली उचलून नॉटच्या अलीकडं ठेवला. 'रिअली नॉट नेसेसरी'. म्हणजे मुळीच गरज नाही. पेन्शनर निर्धास्त घरी बसला, आणि साहेब पहिला मसुदा धरून दाखल्याची वाट पाहत बसले.

संशोधक : किती दिवस?

हेडक्लार्क : दिवस नाही हो. साहेबांची बदली होईपर्यंत.

संशोधक : बरं, हा 'इट' कोण? त्यालाच जाऊन भेटतो. कुठल्या मजल्यावर बसतो?

हेडक्लार्क : (हसून) इट साहेब कुठंच बसत नाहीत. इंग्रजी वाक्याला पुढं कर्ता लागतोच, कुणी नसलं तरी. पाऊस पडला तरी इटच पाडतो. म्हणून एक खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर कोट टाकलाय.

संशोधक : आपल्याकडेही कर्त्यावाचून क्रियापदं आहेत की. उजाडतं, सांजावतं, मळमळतं.

हेडक्लार्क : पण कामं कसली ती बघा! देवाच्या नाहीतर पोटाच्या हातातली. परवानगी नाकारणं त्यात बसतं का? सकाळी उठलो आणि मला नाकारलं, असं होतं का कधी? आपण म्हणतो, 'माझ्याच्यानं होत नाही'. शेजारचा तमिळ माणूस म्हणतो, 'एन्नाल मुडियादु'. 'मला ठाऊक नाही' म्हणा, 'एनक्कु तेरियादु' म्हणा, नकाराला धनी आहे. भांडायला एक माणूस तरी सापडतो.

संशोधक : काका, महाराष्ट्राची फार स्तुती नको. आमच्याकडेही 'सदर विनंती मान्य करता येत नाही' असंच येतं. कुणाला करता येत नाही, ते गुलदस्त्यात.

हेडक्लार्क : पोहोचले का इट साहेब तिथंही? पोहोचणारच. इथं तर त्यांनी राज्य नेलं.

संशोधक : ते कंपनीनं नेलं.

हेडक्लार्क : सुरुवात कंपनीनं केली, कबूल. दुसऱ्या सरफोजीराजांशी १७९९ चा तह झाला, कारभार कंपनीकडं गेला, राजाकडं किल्ला आणि तनखा उरला. राजा इंग्रजी उत्तम जाणणारा बरं का! श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीत वाढलेला. पण त्यानं आपलं सांगायचं ते मराठीत सांगितलं. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली अख्खा भोसले वंश कोरून ठेवला. कोण कुणाचा मुलगा, कुणी काय केलं, सगळं नावानिशी.

संशोधक : तो काल पाहिला. मान अवघडली.

हेडक्लार्क : सगळ्यांची अवघडते. आता पुढं ऐका. १८५५ मध्ये सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे वारले, मुलगा नाही. कंपनीनं राज्य तर नेलंच, राजाची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात गेल्या. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या!

संशोधक : आणि लंडनला?

हेडक्लार्क : १८५९, प्रिव्ही कौन्सिल. तो निकाल मी तरुणपणी ड्राफ्टिंग सुधारावं म्हणून वाचला होता. सारांश असा : केलं ते न्याय्य असेल, अन्याय्य असेल, शहाणपणाचं असेल, नसेल, ती राज्यसत्तेची कृती आहे, तेव्हा कोर्टाला त्यात शिरता येत नाही. आणि त्याबद्दल मत बनवायला कोर्टाकडं साधन नाही, बनलंच तर बोलून दाखवायचा अधिकार नाही.

संशोधक : म्हणजे राणी चुकल्या असं नाहीच म्हटलं?

हेडक्लार्क : छे! एका शब्दानं नाही. म्हणून तर हात टेकले. चुकला म्हटलं की माणूस वाद घालतो.

आतला आवाज : अहो, त्यांचं काम करताय की राणीसाहेबांची केस पुन्हा चालवताय?

हेडक्लार्क : करतोय गं. घ्या कागद, उत्तर सांगतो. 'इट इज नॉट एंटायरली क्लिअर फ्रॉम युवर लेटर…'

संशोधक : म्हणजे त्यांचंच त्यांना?

हेडक्लार्क : पुढं, 'नॉर इज इट, स्ट्रिक्टली स्पीकिंग, अनरीझनेबल टु एक्स्पेक्ट…' इथं नॉर आणि अन एकमेकांना कापतात. वाचणारा दोनदा मागं येतो, तिसऱ्यांदा फाइल पुढच्या टेबलावर ढकलतो.

संशोधक : मला फाइल ढकलायची नाहीये काका, कागद पाहायचेत! परवाचं रेल्वेचं तिकीट आहे.

आतला आवाज : मग एवढंच विचारा ना, की नाही कोण म्हणतंय? नाव आणि हुद्दा लिहून द्या म्हणावं.

(शांतता.)

हेडक्लार्क : (चष्मा काढून) अगं, असं कुणी विचारतं का?

आतला आवाज : का? मी भाजीवाल्याला विचारते.

हेडक्लार्क : उभ्या नोकरीत असं पत्र माझ्या टेबलावर आलं नाही. आलं असतं तर मी रजेवर गेलो असतो.

संशोधक : लिहू का मग? 'कृपया नकार देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव कळवावं.' एवढंच?

हेडक्लार्क : एवढंच. आणि हो, क्रियाविशेषण एकही घालू नका, त्याच्या आडोशाला लपतील.

संशोधक : यानं काय होईल?

हेडक्लार्क : परवानगी येईल. नाही म्हणायला सगळे तयार असतात हो. त्याखाली स्वतःचं नाव घालायचं म्हटलं, की प्रकरण एरवीबाहेरचं निघतं.

संशोधक : आणि घातलंच कुणी नाव?

हेडक्लार्क : तर मला बोलवा. रिक्षा करून येतो. त्या गृहस्थाला एकदा बघायचंय.