छताला जर्सी, हाती शिट्टी

अमेरिकेतल्या कॉलेजांना बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक नेमायचा झाला, की अर्ज वाचत बसायची गरज काय? छताकडे बघायचं. तिथे ज्या माजी खेळाडूची जर्सी मानाने टांगलेली, त्याला फोन. माजी विद्यार्थी गहिवरतात, देणगीदारांचे हात सैल सुटतात, पत्रकार परिषद तर अशी रंगते, की हंगाम तिथेच संपवावा.

जॉर्जटाउनने 2017 साली पॅट्रिक युइंगला आणलं. कॉलेजच्या 1984च्या विजेतेपदाचा हाच नायक. 2021 मध्ये त्याच्या संघाने बिग ईस्ट या कॉलेज-गटाची स्पर्धा मारली खरी. पण त्याच स्पर्धेत मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे रखवालदार त्याच्याकडे पास मागत होते. आत छताला व्यावसायिक एनबीए लीगमधला त्याचा 33 नंबर लटकतोय आणि दारात हा प्रकार! पठ्ठ्या भडकला. पुढच्या हंगामात बिग ईस्टचे साखळी सामने 19, विजय शून्य. 2023 मध्ये हातात नारळ.

ह्यूस्टनचा असाच जुना तारा क्लाइड ड्रेक्सलर प्रशिक्षक म्हणून दोन हंगामांत गार झाला.

कनेटिकटला प्रशिक्षक म्हणून 2014 साली विजेतेपद मिळवून देणारा केविन ऑलीही एनबीएतलाच, पण तो संघासंघांतून बिऱ्हाड हलवणारा राखीव गडी. बाकावरून खेळ कसा दिसतो, हे त्याला आधीच पाठ असणार!

सेंट जॉन्सने आपल्या जुन्या ताऱ्याला, ख्रिस मलिनला, प्रशिक्षक म्हणून चार वर्षं मिरवलं. पुढे 2023 मध्ये सत्तरीतला रिक पिटिनो आणला, खेळाडू म्हणून एनबीएत एक मिनिटही न घालवलेला. 2025 मध्ये बिग ईस्ट खिशात. फोटोला मात्र मलिनच बरा होता.