दस्तुरी नाक्यावरच्या घोडेवाल्या दादांस

श्री. लाल टोपीवाले दादा
(नाव विचारलं होतं, आपण घोड्याचं सांगितलंत),
मु. दस्तुरी नाका, माथेरान.



पत्रास कारण की, दिवाळीच्या सुटीत आपली भेट झाली आणि आपण गाजवलेल्या कामगिरीचा जाहीर सत्कार अजून कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मोटारींचा रस्ता जिथे संपतो त्या आपल्या नाक्यावर, नेरळहून आलेल्या टॅक्सीतून आम्ही उतरत होतो. उतरलो होतो असंही म्हणता येणार नाही, माझा एक पाय अजून आतच होता. तेवढ्यात आपण आलात, माझ्या आईच्या हातातली पिशवी आपल्या खांद्यावर गेली आणि आपण एका दमात सांगितलंत, ‘ट्रेन बंद आहे. ई-रिक्षा फक्त शाळेच्या पोरांना. चालत दोन तास, आजींना जमणार नाय.’

तीन वाक्यं. रेल्वे, नगरपालिका आणि माणसाचे पाय ही तिन्ही खाती आपण जागच्या जागी बंद केलीत.

हे सामर्थ्य केवढं, याची आपल्याला स्वतःलाही कल्पना नसेल, म्हणून थोडा इतिहास सांगतो. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०७ साली नेरळ-माथेरान ही दोन फुटी रुळांची गाडी सुरू केली. त्या काळातले सोळा लाख रुपये त्यात घातले. डोंगराला वेढे घालत वीसेक किलोमीटर चढणारी ही लाइन २००५ च्या अतिवृष्टीनं उखडली, ती पुन्हा उभी राहिली. २०१९ च्या पावसात पुन्हा वाहून गेली, तीन वर्षांनी पुन्हा नेरळहून गाडी निघाली. दरडींना जे कायमचं जमलं नाही ते आपण पिशवी खांद्यावर घेऊन उभ्याउभ्या केलंत. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाकडून हा डोंगर चढून आला, तेव्हा आपण नाक्यावर नव्हतात, हे त्याचं नशीब. नाही तर आपण त्यालाही सांगितलंच असतं, ‘साहेब, डोंगर आज बंद आहे.’

मी मुकाट्यानं ऐकून घेतलं असं मात्र समजू नका. मी दरफलक शोधला. दरफलक होता. त्याच्यासमोर आपला घोडा उभा होता, आणि असा आडवा उभा होता की मला ‘माथेरान’ एवढंच वाचता आलं, दर सगळे घोड्याच्या पोटामागे. ‘जरा सरकवा ना याला,’ म्हटलं तर आपण म्हणालात, ‘तो सरकत नाय साहेब, लाजाळू आहे.’ एवढ्यात झाडीतून शिट्टी वाजली. चांगली लांबलचक, ऐटदार. मी म्हटलं, ‘दादा, ही काय?’ क्षणभरही न डगमगता आपण म्हणालात, ‘ती सामानाची गाडी.’

माथेरानची पायवाट बराच वेळ रुळांच्या सोबतीनं जाते, हे आपल्याला माझ्याहून चांगलं ठाऊक. थोड्या वेळानं ती सामानाची गाडी आमच्या शेजारून गेली आणि त्या सामानानं खिडकीतून आम्हाला हात केला. एका सामानाच्या कडेवर तान्हं मूल होतं.

आता न्यायानं बोलायचं तर (पुढे न्यायानं बोलणार नाही, म्हणून इथेच उरकतो) नेरळहून निघणारी गाडी पावसाळ्यानंतर अजून सुरू झाली नव्हती. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंतची शटल तेवढी धावत होती. म्हणजे आपलं वाक्य अश्वत्थामा गेल्याच्या बातमीइतकं खरं होतं. ती बातमी दिल्यावर धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला म्हणे. आपला घोडा टेकला नाही. तो महागला.

पैशांचं फारसं बोलत नाही. जाण्याचे ठरले होते, पोचल्यावर कळलं की येण्याचे वेगळे, पॉइंटचे वेगळे आणि खुराकाचे ‘मनाला येईल ते द्या’. माझ्या मनाला त्या वेळी जे येत होतं ते घोड्याला खाण्यासारखं नव्हतं. पण पैसे गेले ते गेले. माझा राग आहे तो आईच्या गुडघ्यांवरून. सत्तरी ओलांडलेली बाई, पाचवारी साडी, आयुष्यात कुठल्या जनावरावर बसली नाही. तिला आपण, रस्त्याकडेची एक मोरी आणि एक नवशिका पोरगा यांनी मिळून खोगिरावर चढवलंत. सगळा बाजार बघत होता. ती मला हळूच म्हणाली, ‘अरे, त्यालाच बसू दे ना थोडं, मी शेजारून चालते.’ त्यालाच म्हणजे घोड्याला. आणि तो आपला लाजाळू प्राणी, वाट एवढी रुंद असताना, चालला नेमका दरीच्या कडेकडेनं. आईनं डोळे मिटले ते मुक्कामाला पोचेपर्यंत उघडले नाहीत. ज्या झाडीसाठी, ज्या सावलीसाठी तिला हौसेनं आणलं, ती तिनं पाहिलीच नाही. ती रामरक्षा म्हणत होती. शटल वीसेक मिनिटांत नेते, दादा. खिडकीत बसवून नेते. माणसाला खोटं सांगून लुटा, चालेल, शहरात आम्हाला सवय आहे. म्हाताऱ्या बाईचे डोळे मिटायला लावून लुटू नका.

बाकीच्या तक्रारी आपल्याशी संबंधित नाहीत, म्हणून त्यांना एकेक ओळ. हॉटेलवाल्यानं ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणून दिलेल्या खोलीतून पाण्याची टाकी दिसत होती आणि टाकीच्या पलीकडे, तो शपथेवर सांगत होता, व्हॅली. चिक्की एकाच कढईतली, दुकानं पन्नास. एको पॉइंटवर एक तरुण इतका वेळ एका मुलीच्या नावानं ओरडत होता की शेवटी दरीलाच कंटाळा आला. माकडांबद्दल मला काही म्हणायचं नाही; त्यांनी जे घेतलं ते समोरून, कुठलंही कारण न सांगता घेतलं.

तरी आम्ही येतो. आपल्यालाही हे कोडं पडत असेल की एवढं लुटून घ्यायला ही मंडळी मुंबई-पुण्याहून पुन्हा पुन्हा का चढतात. समुद्रसपाटीपासून आठशे मीटर म्हणजे काही हिमालय नव्हे. येतो ते कानांसाठी. दस्तुरी नाक्याच्या आत मोटार येत नाही, रुग्णवाहिका, बंब आणि ई-रिक्षांचा अपवाद सोडला तर. पहाटे पॅनोरमा पॉइंटकडे निघावं, तांबड्या मातीत आपल्याच चपलेचा आवाज ऐकू यावा, डोक्यावर जांभळीची गच्च झाडी आणि हॉर्न नाही. एकही नाही. संध्याकाळी सनसेट पॉइंटवर प्रबळगडामागे सूर्य जाताना, गर्दी असूनही, अर्धं मिनिट सगळे गप्प बसतात. २००३ साली केंद्र सरकारनं माथेरान पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर केलं, ते हे सगळं राहावं म्हणून. हे जपलंय याचं कौतुक आम्ही परत जाऊन सगळ्यांना सांगतो. मग तेही येतात. मग दस्तुरीला आपण असताच.

इथपर्यंत पत्र मला हवं तसं आलं होतं. पुढे ते तसं येत नाही, आणि त्याला कारण पुन्हा आई.

सनसेट पॉइंटवर तिनं ती पिशवी उघडली, आपण पळवलेली. फराळ होता. तिनं कडबोळी काढून तुमच्या हातावर ठेवली आणि विचारलं, ‘सकाळपासून काही खाल्लंस का रे?’ तुम्ही दिवसभर प्रत्येक प्रश्नाला न अडखळता उत्तरं देत होता, या प्रश्नाला अडखळलात. मग तुम्ही बोललात, आणि ते पाठ केलेलं नव्हतं. घोडा तुमचा नाही. घोडा शेठचा. तुम्ही खालच्या वाडीतून पहाटे डोंगर चढून येता आणि खेपेवर तुमचा हिशेब होतो. खेप नाही तर काही नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा घोड्याचा खुराक शेठ बघतो, तुमचा कोण बघणार? मी त्या वेळी तुमच्या पायांकडे पाहिलं. दिवसभर घोड्यासोबत वर-खाली धावलेले पाय, प्लॅस्टिकच्या चपला, एका अंगठ्याला चिंधी. खाली येताना आई घोड्यावर बसली नाही. तुम्हीही आग्रह केला नाहीत, आणि पैसे मात्र पूर्ण घेतलेत. मला त्याचा राग यायला हवा होता.

राग आला तो नंतर, आणि दुसऱ्यावर. उतरताना आमच्या पुढे एक हातरिक्षा चालली होती. एकजण पुढून ओढतोय, दोघं मागून रेटताहेत. चढ आला की तिघांचीही पाठ धनुष्यासारखी. आत बसलेले गृहस्थ मोबाइलवर कुणाला तरी सांगत होते, ‘इथं एकही गाडी नाही यार, पोल्यूशन शून्य, माणसानं असंच जगायला पाहिजे.’ कुठल्या माणसानं, साहेब? तुम्ही बसलात त्यानं, की जो पुढे जुंपलाय त्यानं? ज्या गावात मोटार येत नाही म्हणून आपण नाचतो, तिथं मोटारीचं काम कुणीतरी करतच असतं. सिलिंडर, सिमेंट, बिसलेरीची खोकी आणि तुमची ती चाकांची बॅग आपोआप वर चढत नाही. ते काम माणूस करतो किंवा जनावर करतं, आणि त्याला आपण ‘जुन्या काळातलं माथेरान’ म्हणून फोटोत घेतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा प्रकार माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही असं स्पष्ट म्हटलं आणि सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असं बजावलं. पंजाबातल्या रिक्षावाल्यांच्या बाबतीत याच न्यायालयानं १९८० साली जे सांगितलं होतं, त्याची आठवणही करून दिली. मधली पंचेचाळीस वर्षं आपण सगळे हवा खात होतो. एका बंदी असलेल्या इंजिनाच्या जागी जिवंत माणसं लावून आपण स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवून घेत होतो, आणि वर त्याच माणसांना म्हणत होतो, किती लुटतात हो हे लोक!

तुमच्यासाठी मात्र कुठल्या न्यायालयाचा निकाल नाही, दादा. तुमच्याविरुद्ध गावच उठलं. मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी बेमुदत बंद पुकारला तो याच कारणासाठी, की दस्तुरीला खोटं सांगून पर्यटकांना फसवतात आणि गावाचं नाव खराब होतं. दुकानं, हॉटेलं, सगळं बंद. दुकानदाराची बाजू शंभर टक्के खरी आहे. पहिल्या पाच मिनिटांत फसलेलं गिऱ्हाईक चपलेचासुद्धा भाव करत नाही. पण त्याच्याकडे दुकान आहे. शेठकडे घोडा आहे. हॉटेलवाल्याकडे पाण्याची टाकी आणि तिच्यामागची व्हॅली आहे. तुमच्याकडे विकायला ती तीन वाक्यं तेवढी आहेत, आणि ई-रिक्षा वाढल्या की तीही कुणी घेणार नाही.

म्हणून एक सुचवतो, रागावू नका. वाक्यं बदला. ‘ट्रेन तिकडे, पाच-दहा मिनिटांवर. जागा नाही मिळाली तर मी इथंच आहे,’ असं म्हणून बघा. रविवारी शटलच्या रांगेत उभं राहिलेलं निम्मं माथेरान आपणहून तुमच्याकडे परत येईल. हौशी पोरंटोरं येतील, त्यांना घोडाच हवा असतो, त्यांच्याकडून रीतसर दर घ्या, वर खुराकाचे घ्या. ते मनापासून देतील. घोड्याला दरफलकापासून चार पावलं सरकवा. लाजाळू असला तरी त्याला सवय होईल. आणि शेठला माझा निरोप सांगा की खेप असो-नसो, दिवसाचा पगार ठरवून द्यायला काही घोडा विकावा लागत नाही.

आईचा निरोप आहे की अंगठ्याला हळद लावा आणि ती चिंधी बदला.

कळावे, लोभ वाढवा,
आपला,
सामानाच्या गाडीनं हात केलेला एक प्रवासी

ता. क. (हे दादांसाठी नाही, वाचकांसाठी) : दस्तुरी नाक्यावर प्रवासी कर भरला की कुणाच्याही हातात पिशवी न देता सरळ पुढे चालायला लागा. अमन लॉज स्टेशन जवळच आहे. नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते. अमन लॉजची शटल एरवी पावसाळ्यातही धावते. ती बंद आहे असं कुणी सांगितलं तर स्टेशनावर जाऊन खिडकीत विचारा.