थेवेनिन आणि सिव्हिलची पोरं

पहिल्या वर्षाला सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकल सगळ्यांनाच ‘बेसिक इलेक्ट्रिकल’ सक्तीचं. किरचॉफने 1845 साली विद्यार्थी असतानाच आपले नियम मांडले. आमच्याकडे विद्यार्थी असतानाच ते विसरूनही होतात. थेवेनिन हा फ्रेंच तारखात्यातला इंजिनिअर. 1883 साली त्याने सांगितलं, की रेषीय सर्किट कितीही गुंतागुंतीचं असो, दोन टोकांतून पाहिलं तर एक व्होल्टेज सोर्स आणि एक रेझिस्टन्स एवढंच उरतं. पोरांनी अख्ख्या विषयाचं तेच केलंय: जुने पेपर आणि सीनिअरचं जर्नल.

प्रॅक्टिकलला रिओस्टॅट हलायच्या आत रीडिंग तयार. ग्राफची रेषा इतकी सरळ, की खुद्द ओहमला संशय यावा. सर सही ठोकतात. त्यांनाही पुढची बॅच उरकायची असते.

व्हायवात प्रश्न: ‘घरी व्होल्टेज किती?’

‘230, सर.’

‘आणि पीक?’

पठ्ठ्या पंख्याकडे बघतो. (325, बरं का.)

हॉस्टेलवर मात्र हाच पठ्ठ्या 6 अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर 1500 वॅटचा हीटर आणि जोडीला इस्त्री लावतो. त्यावर प्रश्न येत नाही. स्टार-डेल्टावर येतो, नक्की.